बुधवारी एकटाच अंजनेरी चढून आलो, गुरुवारी दहाला ताण परत हजर

गोनोगो

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, लिहितोय पहिल्यांदाच. सांभाळून घ्या.

मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत एका ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीला आहे. दोन महिन्यांपासून एका पार्टचं रिजेक्शन वाढलंय. कस्टमरचा रोज फोन, रोज संध्याकाळी एट-डी (चूक का झाली, काय सुधारलं याचा आठ टप्प्यांचा रिपोर्ट), आणि त्यातल्या 'मूळ कारण' या रकान्यात रोज काहीतरी नवीन. जेवताना बायको काय बोलली ते सकाळी आठवत नाही. रात्री झोपेत दात आवळतो म्हणे. मला पत्ताच नव्हता, दाताच्या डॉक्टरांनी झिजलेली दाढ आरशात दाखवली तेव्हा कळलं.

मंगळवारी रात्री रजा टाकली. कारण: घरगुती काम. बुधवारी नेहमीच्या वेळेला, नेहमीचा डबा घेऊन घरातून निघालो. (हो, घरी सांगितलं नाही. शिव्या शेवटी घाला.) कंपनीच्या वळणावर न वळता गाडी तशीच त्र्यंबक रोडने पुढे. अंजनेरी फाटा, गाव, पायऱ्यांपाशी गाडी लावली तेव्हा साडेआठ वाजले होते.

पहिला अर्धा तास डोक्यात एट-डीच चालू. मूळ कारणापर्यंत जायला पुन्हा पुन्हा 'का' विचारायचं असतं ना, तसं: तिसरा 'का', चौथा 'का'. घळीतल्या पायऱ्या लागल्या, दम लागायला लागला तसा एकेक 'का' गळत गेला. जैन लेण्याच्या पुढे तर डोक्यात फक्त पाऊल कुठे टाकायचं एवढंच. पठारावर आलो तर सगळीकडे सोनकी, आणि ढग इतके खाली की अंजनीमातेचं देऊळ पंधरा पावलांवर आल्यावर दिसलं. तळ्याकाठी बसून गवारीची भाजी आणि पोळी खाल्ली. तीच भाजी मी कॅन्टीनमध्ये रोज खातो. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की तिच्यात शेंगदाण्याचं कूट असतं.

उतरताना घळीत ओल्या पायरीवरून पाय सटकला. घोटा मुरगळला. वीस मिनिटं तिथेच बसून होतो. ना माणूस, ना आवाज, मोबाइलला चार टक्के. तेव्हा लक्षात आलं की मी इथे आहे हे जगात कुणालाच माहीत नाही. बायकोच्या लेखी मी कंपनीत, कंपनीच्या लेखी घरी.

लंगडत खाली आलो. रात्री गाढ झोपलो. आणि गुरुवारी सकाळी दहाच्या मीटिंगमध्ये दहा मिनिटांत जबडा पुन्हा आवळलेला.

प्रश्न दोन. एकट्याने जाणं हा शुद्ध मूर्खपणा आहे का? आणि एका दिवसाच्या डोंगराने ताण जातो, की नुसता पुढच्या तारखेला ढकलला जातो?

चहाबाज

पयला!

कंपनीला सांगितलं घरगुती काम, घरी सांगितलं कंपनीचं काम. मालक, तुमचं रिजेक्शन का वाढलंय ते मला कळलं.

वाटाड्या

गोनोगो, प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून प्रामाणिकपणे सांगतो. एकट्याने जाणं मूर्खपणा नाही. न सांगता जाणं आहे. या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

मी वीसेक वर्षं नाशिकच्या आजूबाजूचे डोंगर बहुतेक एकट्यानेच केलेत. नियम थोडेच आहेत, पण मोडत नाही. घरी एका माणसाला तीन गोष्टी माहीत असतात: कुठला डोंगर, कुठल्या वाटेने, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. पायथ्याच्या टपरीवर चहा घेतो आणि त्यांनाही सांगून ठेवतो. गडावर तुमच्यामागे शोधायला येणारा पहिला माणूस पायथ्याच्या गावातलाच असतो, हे डोक्यात असू द्या. शिट्टी, क्रेप बँडेज, बॅटरी, पॉवर बँक. दुपारी एक वाजता जिथे असेन तिथून परत फिरायचं, माथा समोर दिसत असला तरी. आणि एकटं असताना नवी वाट करायची नाही. नवी वाट चार जणांत, ओळखीची वाट एकट्याने.

शेवटचं. माणूस पडतो तो बहुतेक उतरतानाच, कारण तेव्हा मनाने तो घरी पोचलेला असतो. तुम्हीसुद्धा गुरुवारच्या मीटिंगमध्ये पोचला होतात का?

गोनोगो

@वाटाड्या, अगदी बरोबर पकडलंत. मोबाइल चालू केला होता तेवढ्यातच. अकरा मिस्ड कॉल. त्यातला पहिला कोणाचा ते बघत उतरत होतो.

कढीपत्ता

वाचून हेवा वाटला. तुमचा घोटा मुरगळला त्याबद्दल वाईट वाटलं, पण हेवा जास्त.

मी घरून काम करते. म्हणजे ऑफिस माझ्या ओट्याशेजारी आहे. कुकरची शिट्टी आणि कॉल एकाच वेळी. एकटीने डोंगरावर जावं हे कॉलेजपासून मनात आहे. वाटाड्या दादांचे सगळे नियम मान्य, पण बाईमाणसाची यादी इथे सुरू होते, संपत नाही. मला सापाची भीती नाही, धुक्याची नाही. पांडवलेण्यावर सकाळी साडेसहाला एकटी चढत होते तर चार जणांचं टोळकं स्पीकर लावून मागे. मी थांबले की ते थांबायचे. शेवटी व्यायामाला येणाऱ्या दोन आजोबांच्या बरोबरीने चालत राहिले. आजोबांनी काही विचारलं नाही, फक्त चाल कमी केली.

तेव्हा 'एकट्याने जाण्यातली मजा' वाचताना जरा हसू येतं. तुम्हाला एकांत मिळतो. आम्हाला आधी तो तपासून घ्यावा लागतो.

तिसरा_सोमवार

एकटं जायचंय पण सुरक्षितही राहायचंय? तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला या. अलोट गर्दी, आणि कोणी कोणाशी बोलत नाही कारण सगळ्यांचे पाय दुखत असतात. मी गेली कित्येक वर्षं असाच 'एकटा' जातो. हलके घ्या.

द्राक्षमणी

चर्चा वाचली. राग मानू नका, पण डोंगराने ताण उतरतो ही शहरातल्या माणसाची सोय आहे.

आमची द्राक्षबाग रामशेजच्या पायथ्याला, दिंडोरी तालुक्यात. डोंगर आम्हाला रोज सकाळी तोंडासमोर असतो. त्याच्या मागून ढग आला की पोटात गोळा येतो. तुम्ही फोटो काढता त्याच ढगाचा. एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरच्या मागेपुढे फळासाठी गोडी छाटणी, आणि नेमका घड फुलोऱ्यात असताना पाऊस झाला की डाऊनी ही बुरशी आणि घडांची गळकुज. रात्री दोनला फवारणीचा ट्रॅक्टर काढलेला आहे मी. रजेचा अर्ज कोणाकडे द्यायचा?

एकदा बायको म्हणाली, जा तो गड तरी चढून ये, घरात नुसते येरझाऱ्या घालताय. गेलो. रामशेज चढायला सोपा, पाऊण तासाचं काम. वर गार वारा, बरं वाटलं. खाली बघितलं तर आमची बाग दिसत होती. बघता बघता तिसऱ्या-चौथ्या ओळीच्या टोकाला पिवळेपणा दिसला. बांधावरून कधी लक्षात आला नव्हता. धावत खाली. ड्रिपची नळी तुंबलेली होती.

म्हणजे ताण उतरायला गेलो आणि काम घेऊन आलो. पण त्या ओळी वाचल्या एवढं खरं.

चहाबाज

@द्राक्षमणी, याला म्हणतात मूळ कारण शोधणे. गोनोगो, तुम्हीपण रामशेजवर जा आणि कंपनीकडे बघा.

जुनीपाने

अवांतर, पण राहवत नाही. अंजनेरीवर ताण उतरवायला जाणारे तुम्ही पहिले नव्हे. राघोबादादा आनंदवल्लीला राहत होते तेव्हा उन्हाळ्यात हवापालटाला अंजनेरीवर जात. पुण्याच्या गादीच्या राजकारणाचा ताण म्हणजे तुमच्या कस्टमर ऑडिटपेक्षा अंमळ जास्तच असणार. वरची हवा त्यांना लागू पडली असं इतिहासावरून तरी दिसत नाही.

आणि द्राक्षमणी, तुमच्या रामशेजचं काय सांगावं. संभाजीराजांच्या काळात एवढ्याशा किल्ल्याने मुघलांना वर्षानुवर्षं दाद दिली नाही. चढायला पाऊण तास, जिंकायला वर्षं.

द्राक्षमणी

@जुनीपाने, ते खरं. आमच्याकडे व्यापाऱ्याचं पेमेंटही असंच आहे. माल उचलायला पाऊण तास.

कढीपत्ता

😂😂 हसून हसून कॉल म्यूट करायला लागला.

ओळंबा

मी सिव्हिलवाला, त्यामुळे आकड्यात बोलतो. एकट्याने जाणाऱ्याने वेळेचा हिशेब आधी करावा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा नियम दिलाय: सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. अंजनेरीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १२८० मीटर. गाडी लावता तिथून चढ पाचशेच्या आसपास धरा, अंतर चारेक किलोमीटर. म्हणजे न थांबता जवळपास पावणेदोन तास. हा नियम धडधाकट माणसाचा, कोरड्या वाटेचा. आपल्या पावसाळ्यात, शेवाळलेल्या पायरीवर, खुर्चीत बसून पिकलेल्या गुडघ्याने दीडपट करा. फोटो आणि माकडं वेगळी.

घरी 'संध्याकाळपर्यंत येतो' असं मोघम सांगण्यापेक्षा हा हिशेब करून 'तीनला खाली' असं सांगा. मग उशीर म्हणजे नेमका कधीपासून उशीर, हे घरच्यांना कळतं.

तिसरा_सोमवार

काय भो, डोंगराचापण बार चार्ट!

खडीसाखर

थोडा विरोधी सूर लावते. एकट्याने जायचं कशासाठी? माझा ताण तर माणसांत गेल्यावर जातो. आमचा दर रविवारचा ग्रूप आहे, हरिहर, धोडप, साल्हेर सगळं केलं. हरिहरच्या त्या उभ्या कातळातल्या पायऱ्या चढताना खालून मैत्रीण 'डावा हात खोबणीत घाल' म्हणून ओरडत होती म्हणून चढले. एकटी असते तर तिथेच चिकटून राहिले असते.

वाटाड्या

@खडीसाखर, हरिहरबद्दल शंभर टक्के सहमत. १८१८ साली इंग्रजांनी हा मुलूख घेतला तेव्हा त्यांच्या कॅप्टन ब्रिग्जलाही त्या पायऱ्या बघून नवल वाटलं होतं. तिथे एकट्याने जाऊ नका आणि शनिवार-रविवारच्या गर्दीतही जाऊ नका. पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की कोणालाच हलता येत नाही. पावसाळ्यात वनखात्याचे निर्बंध असतात, चौकशी करूनच निघा.

ग्रूपबद्दल मात्र माझा अनुभव उलटा. चाळीस जणांचा ग्रूप म्हणजे दुसरं ऑफिसच. लीडर असतो, उशिरा येणारा असतो, सगळं माहीत असलेला असतो, आणि रात्री फोटो कोणाचे आले नाहीत यावरून रुसवे.

खडीसाखर

तो सगळं माहीत असलेला कोण असतो हे मी इथे लिहीत नाही 😊

पायथ्याचा

मी अंजनेरीकडचाच आहे. इतकं वाचून झाल्यावर चार शब्द.

आमची आजी या डोंगरात एकटी जायची. फाटी आणायला, रानभाजीला. तिला कोणी ट्रेकर म्हटलं नाही. तिला ताण होता का, विचारलं नाही कोणी. आता गाड्या येतात, तर आम्ही लिंबूसरबत आणि ताक विकतो. वाईट म्हणत नाही, बरंच आहे. पण दोन गोष्टी सांगायच्या राहतात.

एक म्हणजे माकडं. तुमच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की खाऊ आहे हे त्यांना समजतं. ही सवय तुम्ही लोकांनीच लावली. काठी उगारू नका, दात विचकून हसू नका, पिशवी सॅकच्या आत ठेवा.

दुसरी, पठारावर पाय कुठे टाकता ते बघा. हा भाग राखीव संवर्धन क्षेत्र आहे. कंदीलपुष्पाची एक जात तर अंजनेरीच्याच नावाने ओळखली जाते. बोटाएवढं रोप, बारीक कंदिलासारखं फूल. गवतात आडवं पडून फोटो काढणाऱ्याच्या पाठीखाली काय गेलं ते त्याला कळत नाही. कड्यात गिधाडांची घरटी आहेत. स्पीकर लावला की ती उठतात. वर आलात ना शांत बसायला? मग बसा की शांत.

आणि गोनोगो साहेब, तुम्ही घसरलात ती पायरी मला माहीत आहे. लेण्यापासून खाली, उजव्या बाजूला पाणी झिरपतं ती. तिथे आम्ही डाव्या भिंतीला हात लावून उतरतो.

गोनोगो

@पायथ्याचा, तीच! उजव्या बाजूला पाणी. तुम्हाला कसं कळलं?

पायथ्याचा

दर रविवारी दोन जण तिथेच बसलेले असतात.

मनकवडी

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे. गोनोगो यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी फिरकलंच नाही म्हणून लिहिते.

पहिल्या अर्ध्या तासात विचार चालू होते आणि दम लागल्यावर गळाले, हे तुम्ही नेमकं टिपलंय. अवघड वाटेवर लक्ष पावलात ठेवावंच लागतं. तेच तेच विचार दळायला मग जागा उरत नाही. शरीर दमतं, झोप लागते. हा फायदा खरा आहे, त्याला कमी लेखू नका. जपानमध्ये १९८२ पासून सरकारनेच 'शिनरिन-योकू', म्हणजे रानात निवांत फिरणं, याचा पुरस्कार केलाय.

पण गुरुवारी दहाला ज्या खोलीत तुम्ही परत गेलात ती खोली बदललेली नव्हती. तिथे जाताच जबडा आवळला, यात डोंगराची चूक नाही आणि तुमचीही नाही. डोंगराने तुम्हाला बरं केलं नसेल, पण आवळलेला आणि मोकळा जबडा यातला फरक तुम्हाला पहिल्यांदा कळला. आधी तुम्हाला डॉक्टरांनी सांगावं लागलं होतं. आता मीटिंगमध्ये दहा मिनिटांत तुमचं तुम्हाला कळलं.

एक काळजीचं. झोप, भूक, दात, विसरणं हे आठवडेच्या आठवडे चालू असेल तर डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस ही फुकट हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. आणि बायकोला सांगा. यासाठी क्रमांक लागत नाही.

चहाबाज

मनकवडी ताई, प्रतिसाद आवडला. एक शंका: अंजनेरीहून परतताना त्र्यंबक रोडला मिसळ खाल्ली तर ताण कमी होतो की वाढतो?

ओळंबा

काळ्या मसाल्याची असेल तर कमी. लाल तर्रीची असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी वाढतो.

द्राक्षमणी

मिसळीवर पापड देतात ते नाशिकचं. बाकी वाद घालत बसा.

कढीपत्ता

धागा मिसळीत बुडायच्या आत कोणीतरी सांगा, एकटीने पहिल्यांदा जायला कुठला डोंगर? गाडी नाही, बसने.

वाटाड्या

@कढीपत्ता, बसने जायचं तर अंजनेरी. त्र्यंबकची कुठलीही बस, एसटी किंवा सिटीलिंक, अंजनेरी फाट्यावर सोडते, पण तिथून पायऱ्यांपर्यंत बरंच चालावं लागतं तेवढं धरा. रामशेज जवळ आहे, पेठ रोडने आशेवाडी हे पायथ्याचं गाव. वर देवळात सकाळी गावातली माणसं असतात. शनिवारी सकाळी जा: अगदी शुकशुकाटही नाही आणि रविवारची झुंबडही नाही.

द्राक्षमणी

आशेवाडीत उतरलात की आमच्याकडे चहा. गडावरून जी बाग सगळ्यात आधी दिसते ती आमची. मंडळी घरीच असतात, तिला सांगून ठेवतो. आणि वरून कुठे पिवळं दिसलं तर फोटो काढून आणा.

गोनोगो (पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. माफ करा, मध्ये ऑडिट होतं.

पहिल्यांदा कबुली. हा धागा टाकला त्याच रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती चिडली, पण न सांगता गेलो यावर नाही. म्हणाली, "गवारीत कूट असतं हे कळायला तुला डोंगर चढावा लागला?" दोन दिवस डब्यात गवारच होती.

त्यानंतर दोन बुधवार गेलो. रोटेशनमध्ये माझी साप्ताहिक सुट्टी बुधवारी मागून घेतली, म्हणून रजा टाकावी लागली नाही. फार मोठी गोष्ट नाही, साहेबांनी 'बघू' म्हणत पंधरवडा काढला आणि मग दिली. रिजेक्शन अजून आहे. निम्म्यावर आलंय. मूळ कारण फिक्स्चरच्या (मशीनवर पार्ट पकडून ठेवतं ते) एका झिजलेल्या पिनमध्ये सापडलं. मला नाही, रात्रपाळीच्या ऑपरेटरला. त्याने ते जुलैतच सांगितलं होतं आणि ते मीच ऐकलं नव्हतं. बायको काय बोलते ते आठवत नव्हतं तोच काळ.

जबडा मीटिंगमध्ये अजूनही आवळतो. फक्त आता कळतं, मग पाणी पितो.

आता वाटाड्या सांगतात तसं खालच्या ताकवाल्या मावशींना सांगून चढतो. "मावशी, दोनला खाली." गेल्या बुधवारी मुलाला ताप होता म्हणून गेलो नाही. काल गेलो तर गाडी लावायच्या आधीच मावशींनी झापलं: "मागच्या बुधवारी दोनपर्यंत वाटेकडं बघत होते मी. येणार नव्हता तर सांगायचं ना." त्यांचा नंबर घेऊन आलो.

आणि पायथ्याचा, त्या पायरीवर डाव्या भिंतीला हात लावून उतरलो. दगड तिथे गुळगुळीत झालाय, नेमका तळहाताएवढा.

पायथ्याचा

ताकवाल्या मावशी म्हणजे आमची चुलती. तिने मला विचारलं होतं, तो लंगडणारा साहेब बरा आहे का.

कढीपत्ता

शनिवारी रामशेजला जातेय. एकटी. आईला सांगितलंय की मैत्रीण सोबत आहे.

चहाबाज

अहो, पुन्हा तेच! आणि आई इथे वाचत असेल तर?

कढीपत्ता

हा धागा मला आईनेच पाठवला.